पुसलं तरी येणारं कुंकू

आधी अक्कांचं सांगतो, बंदुकीचं मग.

धुळ्याला आग्रा रोडच्या कडेला बंदुका दुरुस्त करण्याचं एक दुकान होतं. त्या दुकानात माझी उमेदीची वर्षं गेली. मालकांना सगळं गाव आबा म्हणायचं आणि अक्का ही आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर त्या माहेरी आल्या त्या तिथंच राहिल्या. दुकानाच्या पाठीला घर होतं आणि दोहोंच्या मधे एक दार. त्या दाराच्या उंबऱ्याआड बसून अक्का डाळ निवडायच्या, शेंगा फोडायच्या, आणि दुकानात काय चाललंय ते सगळं ऐकायच्या. पण बोलायच्या बेतानं. भावाच्या घरी राहणाऱ्या बाईला आपला आवाज जपून वापरावा लागतो. अक्कांनी तो एका सकाळी माझ्यासाठी वापरला, चारचौघांत, सख्ख्या भावाच्या विरुद्ध. मी आज जो काही कारागीर म्हणून उभा आहे, तो त्या सकाळमुळे.

मी कोकणातला. खाडीच्या काठी आमचं घर, होड्यांचे खिळे ठोकायचे हा आमचा धंदा. शाळा चौथीतच सुटली, कारण भाता ओढायला माणूस नव्हतं. पुढं होड्यांचं कामही मंदावलं, आणि गावातला एक जण रेल्वेत पाचोऱ्याला होता त्याच्या पाठोपाठ मी घाट चढून इकडं आलो. पाचोऱ्याला काही दिवस बैलगाड्यांच्या चाकांवर लोखंडी धावा चढवल्या, मग कुणी तरी म्हणालं की धुळ्याला आबांना फाईल चालवणारा हात पाहिजे आहे. गेलो. आबांनी हातात एक पोलादाचा तुकडा दिला, घासून चौकोन करायला सांगितला, तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, राहा.

इकडची बोली मला कळेना. पहिल्याच आठवड्यात मी बाहेर पडत होतो तर अक्कांनी आतून विचारलं, “कथा जास रे?” मला वाटलं म्हातारीला कथा ऐकायची आहे. मी म्हटलं, कुठली सांगू, रामाची का सत्यनारायणाची? आतून हसण्याचा खोकला झाला तो थांबेना. मग आबांच्या बायकोनं सांगितलं की ‘कथा’ म्हणजे ‘कुठं’. त्यानंतर अक्का मला रोज मुद्दाम विचारायच्या, कथा जास, आणि मी रोज म्हणायचो, रामाची. परक्या मुलखात अशी एखादी थट्टा रोज मिळाली की माणूस तग धरतो. मी तसा काळजीखोर. रात्री आडवा झालो की दिवसभरात हातून काय राहिलं ते आठवत बसायचो. पण काम हाताला लागलं की काळजी पळायची. फाईल हातात असताना मला कधीही भीती वाटली नाही.

काम काय, तर जुन्या बंदुका. साहेबांनी टाकलेल्या, संस्थानिकांच्या कोठीतून निघालेल्या, पहिल्या जागतिक लढाईच्याही आधीच्या. सातपुड्याच्या पायथ्याचे आणि साक्री-पिंपळनेरकडचे शेतकरी रानडुकरांसाठी परवाना काढून त्या बाळगायचे. नळीवाल्या बंदुकांचं फार काही नसतं, पण काही रायफली बोल्टाच्या होत्या. बोल्ट म्हणजे काडतुसाच्या पाठीमागं बसणारा पोलादाचा दांडा. त्याच्या तोंडाशी दोन कान असतात. मूठ फिरवली की ते कान खाचेत अडकतात आणि बार उडाला की मागं येणारा सगळा धक्का ते दोन कान पेलतात. आणि बोल्टाच्या मागं काय असतं? चालवणाऱ्याचा गाल आणि त्याचा उजवा डोळा.

पोलाद माणसासारखं शिणतं हे मला आबांनी शिकवलं. एका धक्क्यानं काही होत नाही. हजार धक्के खाल्ले की कानाच्या मुळाशी, जिथं कोपरा आहे तिथं, केसाएवढी चीर पडते. मग ती दर बाराला जराशी आत सरकते. वरून बोल्ट अगदी तरुण दिसतो. म्हणून आमच्याकडे आलेला प्रत्येक बोल्ट सोड्याच्या पाण्यात उकळायचा, पुसायचा, दारातल्या उन्हात भिंग घेऊन बघायचा. मग दोऱ्याला टांगून पितळेच्या काडीनं हलकेच मारायचा. धड बोल्ट घंटीसारखा वाजतो आणि चिरलेला वाजतो मडक्यासारखा. पण चीर अगदी बारीक असली तर तीसुद्धा घंटीसारखाच आवाज देते, हे आबाही कबूल करायचे.

आबांच्या दुकानाचा एक दंडक होता, तो मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. ज्यानं बोल्ट बघितला त्यानंच तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. दुसऱ्यानं द्यायचा नाही. काही लिहून द्यायची पद्धत नव्हती, सही नव्हती, शिक्का नव्हता. आपल्या हातानं त्याच्या हातात दिला म्हणजे झालं. आबा म्हणायचे, कागदामागं माणूस लपतो, हातामागं कुठं लपेल.

आता खंडेनवमीचं सांगतो. त्या दिवशी दुकानातल्या सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. घण, सांडशी, फाईली, आणि दुरुस्तीला आलेल्या बंदुकाही, सुट्या बोल्टांसकट. आमच्याकडे कोकणात हळदकुंकवाचं नुसतं बोट लावतात. इथं आबांची बायको कुंकू शेंगदाण्याच्या तेलात कालवायची. कोरडं कुंकू लोखंडावरून झडतं आणि पाण्यात कालवलं तर गंज चढतो, म्हणून तेलात. वस्त्रगाळ कुंकू आणि पातळ तेल. ते ती सढळ हातानं लावायची. नवमी आणि दसरा दोन्ही दिवस हत्यारं तशीच पाटावर, लालभडक, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुसायचं काम माझ्याकडे.

त्या पुसण्यावर अक्कांचा पहारा असायचा. पूजेला त्या हात लावत नसत, त्या काळच्या रीतीनं ते त्यांच्याकडे नव्हतंच. पण पूजेचं कुंकू पायदळी जाता कामा नये यावर त्यांचा कटाक्ष. पुसलेल्या चिंध्या एका परातीत ठेवायच्या, जमिनीवर ठिपका पडू द्यायचा नाही, आणि चिंध्या नंतर पांझरा नदीत सोडायच्या. मी घाईनं काम करतो, असा त्यांचा माझ्यावर राग होता. तो पूर्ण खोटा होता असं नाही.

तर त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी दारात फळीवर बसून घासलेटच्या चिंधीनं एकेक वस्तू पुसत होतो आणि पुसून झाली की उन्हात ठेवत होतो. उंबऱ्याआडून अक्का म्हणाल्या, “काय रे, हाई पुसं नही का तू?” बोट एका बोल्टाकडे होतं. बघितलं तर एका कानाच्या मुळाशी लाल होतं. मी म्हटलं, पुसलाय की. परत उचलला, घासलेटनं पुसला, कोरड्या फडक्यानं पुसला, ठेवला. पुढच्या दोन फाईली होईस्तोवर त्या परत म्हणाल्या, लाल. मला राग आला. या वेळी मी बोल्ट त्यांच्यासमोर नेला, त्यांना दाखवत दाखवत पुसला, कोपऱ्यात काडीला कापूस लावून फिरवला, आणि चकचकीत करून उन्हात ठेवला. मग आम्ही दोघंही बघत राहिलो. ऊन तापलं तसं कानाच्या मुळाशी एक रेघ उमटली. केसासारखी, लाल, अर्ध्या नखाएवढी लांब. कुणी लावली नव्हती. ती आतून येत होती.

अक्का म्हणाल्या की देवाचं कुंकू आहे, जायचं नाही म्हणतंय. मी बोल्ट परत उचलून उजेडात धरला. कुंकू आतून येत होतं म्हणजे आत जायला त्याला वाट होती.

हा बोल्ट पिंपळनेरकडच्या एका शेतकऱ्याचा होता. खटक्याची कमान, म्हणजे स्प्रिंग, बदलायला श्रावणात आला होता आणि तो आबांनी स्वतः बघितलेला. भिंगानं, दोऱ्यानं, सगळं. आबांनी बघितलेल्यावर मी काय बोलणार? आणि मी विचार करतोय तोवर तो शेतकरी दारात उभा. पागोटं, हातात रायफलीची नळी कापडात गुंडाळलेली, आणि मागं त्याचा मुलगा, मिशांना पीळ दिलेला. ज्वारी कणसावर आली होती, डुकरांचे कळप रोज उतरत होते, त्यांना आजच रायफल जोडून घेऊन परत जायचं होतं.

रामराम झाला, चहा सांगितला. दुकानात आणखी दोघं-तिघं गिऱ्हाइकं बसलेली. आबा गादीवरून मला म्हणाले, पुसताना तूही बघितलाच आहेस, दे बोल्ट त्यांना.

मी बोल्ट उचलला. देता येईना. चीर आहे म्हणावं तर आबांच्या डोळ्याला खोटं पाडल्यासारखं होईल, आणि समजा माझंच चुकलं तर उद्या पाचोऱ्याची गाडी. द्यावा तर समोर त्या मुलाचा डोळा होता, तरणाबांड, आपल्याच मिशांकडे वळलेला. तोंडातून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

“आबा, हा तुम्ही बघितलाय. तुम्हीच द्या.”

सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. बाहेरच्याला वाटेल यात काय एवढं. पण दुकानाचा दंडक ठाऊक असलेल्या प्रत्येकाला कळलं की मी हा बोल्ट माझ्या हातून द्यायला तयार नाही. आबांनी चष्मा काढला.

“का? तुझ्या हाताला काय झालं?”

मग सांगावंच लागलं. कानाच्या मुळाशी लाल येतंय, पुसलं तरी येतंय. आबांनी बोल्ट घेतला, बघितला, आणि हसले. म्हणाले, “कोकण्या, कुंकू पुसायला शीक आधी. माशाचे कल्ले बघून बघून तुला सगळीकडे लालच दिसतं.” बसलेली मंडळी हसली. शेतकऱ्याचा मुलगा सगळ्यात मोठ्यानं हसला. आबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कारखान्यातल्या हत्याराचा ओरखडा तिथं असू शकतो आणि ओरखड्यातही कुंकू बसतं. नीट पुसलं नाही तर राहतं. आणि मी नीट पुसत नाही हे अख्ख्या घराला माहीत होतं, अक्का आतून रोज तेच ऐकवायच्या.

मी मान खाली घातली. आबा बोल्ट घेऊन उठले, स्वतः द्यायला.

तेवढ्यात उंबऱ्याआडून आवाज आला. अक्का उभ्या राहिल्या होत्या आणि पदर सावरून त्यांनी उंबऱ्याच्या या बाजूला पाऊल टाकलं होतं. गिऱ्हाइकं बसलेली असताना त्या दुकानात आल्याचं मी तरी पाहिलेलं नव्हतं.

“त्यानी पुसं. मी मन्हा डोयाघाई देखं. परत पुसं, परत लाल उनं.” पुसलं तरी लाल परत आलं, हे आपण डोळ्यांनी बघितलं, असं त्या सांगत होत्या.

आबा म्हणाले, अक्का, तू आत जा, हे पोलादाचं काम आहे. त्या म्हणाल्या, पोलादाचं तुझं तू बघ, मी पुसण्याचं सांगते. याच्या पुसण्याला रोज शिव्या मीच घालते ना? मग आज नीट पुसलं हेही मीच सांगणार. आणि खोटं वाटत असेल तर सगळ्यांसमोर तूच पूस.

हे शेवटचं वाक्य फार कामाचं झालं. आबा मानी होते पण हेकेखोर नव्हते. त्यांनी नवी चिंधी घेतली, घासलेटमध्ये बुडवली, बोल्ट पुसला. धोतराच्या सोग्यानं कोरडा केला. भिंगानं बघितला आणि आधी शेतकऱ्याला, मग मला दाखवला. स्वच्छ. मग तो उन्हात फळीवर ठेवला. चहा आला. चहा नुसता फुर्र फुर्र वाजत होता. सगळ्यांच्या नजरा त्या फळीवर. मुलाच्या मिशाही आता त्या बोल्टाकडे वळल्या होत्या.

रेघ आली. हळूच, तशीच, केसाएवढी.

आबांनी ती भिंगाखाली धरली. मग म्हणाले की तेल आहे, तेल कुठूनही वर येतं. ओरखडा खोल असला तरी येईल. आता यापुढं तपासाचा एकच उपाय होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. बोल्ट शिकंज्यात धरून त्या कानावर हातोडा मारायचा. चांगला असेल तर कान सहज तुटणार नाही, पण एवढा मार खाल्लेला बोल्ट पुन्हा रायफलीत घालायच्या लायकीचा राहणार नाही. म्हणजे काहीही झालं तरी रायफलीची काठी होणार. दुसरा बोल्ट मिळायचा म्हणजे मुंबईला शोधत फिरायचं, मिळेल न मिळेल. आबांना ते सांगावंसं वाटेना, मला तर तोंडच नव्हतं.

शेतकऱ्यानं चहाची बशी खाली ठेवली. त्यानं आबांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. अक्का अजून तिथंच उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघून त्यानं विचारलं, पुसताना तुम्ही होता समोर? अक्कांनी मान हलवली. मग तो आबांना म्हणाला, “फोड. डुकरं खातीन ते खावोत. पोऱ्याना डोया गया ते मी काय करसू?”

हातोडा आबांनीच घेतला. मला दिला नाही. बोल्ट शिकंज्यात आवळला आणि हातोडा मारला. जोरात नाही, आमच्या धंद्यात ज्याला मध्यम म्हणतात तसा. कान निघून फळीखाली उडाला. इतका सोपा तुटला की मुलाच्या तोंडून नुसता श्वास गेला.

मी तो शोधून आणला. तुटलेल्या तोंडाचा थोडा भाग ताज्या साखरेसारखा चमकत होता, तो आत्ता तुटलेला. उरलेला सगळा, निम्म्याहून जास्त, काळपट आणि जुना, केव्हाचाच सुटलेला. आणि त्या काळ्यावर तेलकट लाल पसरलेलं, थेट चमकत्या भागाच्या काठापर्यंत. चीर जिथवर गेली होती तिथवर कुंकू जाऊन आलं होतं.

तुकडा हातोहात फिरला. मुलानं तो घेतला आणि आपल्या उजव्या डोळ्याजवळ नेऊन बघितला. का नेला असेल, त्यालाच माहीत. मग बापाच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी कामाला आलो तर माझ्या जागेवर एक वाटी होती, त्यात तेल आणि कुंकू. आबा गादीवरून म्हणाले, आजपासून उकळून झालं की आधी हे, रात्रभर ठेवायचं, मग भिंग. झालं. एवढंच. त्या दिवसापासून आमचा प्रत्येक बोल्ट कुंकवात न्हायचा. कुंकू लावणारं दुकान म्हणून आमची ख्याती झाली. लोकांना वाटायचं आबांना देवधर्माचं वेड आहे. एका पठाणानं आधीच सांगितलं की माझ्या बंदुकीला ते लावू नका, तर त्याच्यासाठी आम्ही गेरू करून बघितला. गेरू जाडाभरडा, चिरेत शिरेना. मग रंगाऱ्याकडून कापड रंगवायचा लाल रंग आणला, तो चालला. पठाण खूश झाला. देवाच्या कुंकवाला रोजच्या कामात वापरायचं हे अक्कांना पसंत नव्हतं. पण त्यांनी एक तोड काढली. वाटी कालवल्यावर मी आधी तिला हात जोडायचे, मग वापरायची. मी जोडायचो. आजही जोडतो.

पण त्या सकाळचं मोल अक्कांना पडलं. घरात आबांची बायको काही दिवस त्यांच्याशी तुटक वागली. गिऱ्हाइकांसमोर भावाची शोभा केली असं तिचं म्हणणं. आबाही अक्कांनी वाढलेलं ताट घेईनात, बायकोला वाढायला सांगायचे. अक्का उंबऱ्याआड शेंगा फोडत राहिल्या. मी एकदा हळूच म्हटलं की माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला. त्यांनी मला विचारलं, “कथा जास?” मी म्हटलं, रामाची. मग म्हणाल्या, जा मग, कामाला लाग.

दिवाळीच्या जरा आधी आबा उन्हात एक बोल्ट धरून बसले होते. डोळे बारीक करून करून थकले. मग उंबऱ्याकडे वळून हाक मारली, “अक्का, ये जरा. हे लाल येतंय का बघ.” त्या आल्या, बघितलं, म्हणाल्या नाही. आबांनी बोल्ट चांगल्यात ठेवला. रात्री त्यांनी अक्कांच्या हातचं जेवण घेतलं.

दुसरी लढाई सुरू झाल्यावर काडतुसं मिळेनाशी झाली, खूप बंदुका सरकारजमा झाल्या, दुकान थंडावलं. आबांनीच मला जळगावला एका जिनिंगमध्ये चिठ्ठी-चपाटीवाचून, नुसत्या तोंडी शब्दावर लावून दिलं. इथं बोल्ट नाहीत, पण दांडे आहेत, चाकं आहेत, त्यांचे आस आहेत, आणि तेही शिणतात. वाटी माझ्या हाताशी असते. आमचे इंजिनीयर साहेब त्या वाटीला हसत नाहीत, ते स्वतः शेजारी उभे राहून रेघ यायची वाट बघतात. काळजीखोर मी अजूनही आहे. पण एखादा आस मी आपल्या हातानं पुढं दिला की मला शांत झोप लागते.

आबा दोन वर्षांपूर्वी गेले. आता ऐकतो की त्यांची मुलं दुकान-घराची वाटणी करताहेत, आणि मागची खोली, जिथं अक्का राहतात, ती कुणाच्या वाट्याला जावी यावर वाद आहे. ती खोली आबांनी अक्कांना दिली होती. दिली ती तोंडी, भरल्या दुकानात, फळीवर बसून, मी समोर असताना. “ही खोली अक्काची, ती असेस्तोवर कुणी बोलायचं नाही,” हे त्यांचे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. भाऊबंदांच्या वादात परक्या कोकण्याचं कोण ऐकणार, असं इथले लोक म्हणतात. असेल. पोलादाच्या वादात उंबऱ्याआडच्या बाईचंही कुणी ऐकणार नव्हतं.

अक्का, ज्या दिवशी तुमच्या घरात पंच बसतील त्या दिवशी मी धुळ्याला येईन, हातातलं काम टाकून येईन, आणि सगळ्यांसमोर उभा राहून मी काय ऐकलं ते सांगेन. तेव्हा तुमचं थोडं तरी फेडल्यासारखं होईल. आणि नाहीच ऐकलं कुणी, तर जळगावात माझ्या घरी एक खोली आहे, आणि तिच्या दाराला उंबरा आहे.